हरीण, वाडी आणि पहिले शील
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या धम्मसभेत वाडी समितीच्या वतीने केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या सभेत वक्ते सहसा मोठ्या विषयांवर बोलतात. धम्मक्रांती, संविधान, शिक्षण, संघटन हे विषय आहेतच, आणि त्यांवर बोलणारी अभ्यासू मंडळी आज व्यासपीठावर बसलेली आहेत. आम्हा वाडी समितीच्या लोकांना मात्र सांगण्यात आलं, की तुम्ही वाडीवर आणि हरणांवर बोला. काहीजण हसले. पण गेल्या हिवाळ्यात याच हरणांवरून विहारात तीन बैठका झाल्या, आवाज चढले, दोन घरांचं आपसातलं बोलणं बंद झालं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा काय घडलं, काय ठरलं आणि का ठरलं, ते एकदा नीट मांडून ठेवावं, एवढ्याच हेतूने आम्ही उभे आहोत.

आपली वस्ती चंद्रपूर जिल्ह्यातली, रानाला लागून असलेली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षेचा सोहळा झाला आणि १६ ऑक्टोबरला परमपूज्य बाबासाहेबांनी चंद्रपूरला दीक्षा दिली. त्याच्या आदल्याच वर्षी, १९५५ साली, ताडोबा राष्ट्रीय उद्यान झालं. पुढे १९८६ साली अंधारी अभयारण्य झालं आणि १९९५ साली दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. म्हणजे या मातीतला आपला धम्म आणि या रानाचं संरक्षण ही दोन्ही जवळपास एका वयाची आहेत. रान राखलं गेलं म्हणून चितळ, सांबर, रोही वाचले. ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण नकाशावरची रेघ चितळाला दिसत नाही. दिवाळीनंतर रानातलं गवत वाळू लागतं, पुढे नाले आटतात. शिवाय घाणेरीच्या झुडपांनी गवताची कितीतरी जागा व्यापून टाकलेली आहे. अशा दिवसांत विहाराच्या विहिरीवर भिजणारी हिरवीगार वाडी त्या जनावरांना दुरूनच खुणावणार, यात नवल ते काय?

वाडी म्हणजे विहारामागची बारा गुंठे जागा. अडतीस घरांनी मिळून ती कसायची, हे सगळ्यांच्या संमतीने ठरलं. पालक, मेथी, सांभार, वांगी, भेदरं, बरबटी, वाल, लवकी अशी भाजी निघते. तिचे वाटेही ठरलेले आहेत. ज्या घरात कमावता हात नाही, त्या घरांचा वाटा पहिला. मग रविवारच्या धम्मवर्गाच्या मुलांच्या खिचडीला लागेल तेवढी. त्यानंतर राबलेल्या घरांची वाटणी, आणि उरली तर बाजार. मजुरीला जाणाऱ्या बाईला संध्याकाळी भाजी विकत न घेता घरी नेता आली, तर त्या घराच्या हिशेबात काय फरक पडतो, हे इथे बसलेल्या मायमाउल्यांना आम्ही सांगायला नको.

पौष महिन्यातल्या एका रात्री चितळांचा कळप शिरला. सकाळी पालकाचे वाफे जमिनीला टेकले होते, बरबटीचे नुसते ताणे उरले होते. चौथ्या दिवशी पुन्हा आले आणि मेथी गेली. त्या आठवड्यात पहिल्या वाट्याच्या घरांनाही काही देता आलं नाही.

मग बैठक भरली. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात एका खांबावर चार हरणं कोरलेली आहेत आणि चौघांत मिळून डोकं एकच आहे. आपल्या बैठकीचं उलटं झालं. वाडी एक आणि डोकी अडतीस!

काही तरुण मंडळी म्हणाली, "लाइनीचा तार सोडून द्या रात्रीचा. एक-दोन पडले की बाकीचे फिरकणार नाहीत." एक वयोवृद्ध काका म्हणाले, "तथागतांनी पहिलं प्रवचन कुठे दिलं? सारनाथला, मृगदावात. धम्मचक्राच्या दोन्ही बाजूंना हरणं कोरतात आपल्यात. अन् आपण हरणाला मारायचं? खातील तर खाऊ द्या." त्यावर एक उपासिका उठल्या आणि म्हणाल्या, "काका, तुमच्या घरी दोन पगार येतात. हरणानं खाल्लं ते माझ्या लेकरांच्या ताटातलं होतं." सभा एकदम शांत झाली.

आम्हाला वाटतं, खरा प्रश्न त्या बाईंनी मांडला. दया दाखवणं सोपं असतं, जेव्हा तिची किंमत दुसऱ्याच्या ताटातून जाते. आणि तार सोडणंही सोपं असतं, कारण बटण दाबून माणूस घरी जाऊन झोपतो. दोन्ही सूचनांत कष्ट कुणालाच नव्हते, ही गोष्ट लक्षात घ्या.

तरुणांपैकी एकाने बाबासाहेबांचा आधार दिला, आणि तो आधार खोटा नव्हता. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसेचा विचार मांडला आहे. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत ते फरक करतात. अहिंसा ही बुद्धांनी तत्त्व म्हणून सांगितली, आंधळा नियम म्हणून नव्हे, असं त्यांचं विवेचन आहे. तो मुलगा म्हणाला, "मग आपली गरजच आहे ना?" प्रश्न चांगला होता आणि त्याला उत्तर देणं भाग होतं. उत्तर असं, की तत्त्व मानणाऱ्यावर नियम मानणाऱ्यापेक्षा जास्त जबाबदारी येते. त्याला प्रत्येक वेळी स्वतः विचार करावा लागतो. गरज आहे असं म्हणण्याआधी दुसरे सगळे उपाय करून पाहावे लागतात. आपल्या वाडीला त्या दिवशी धड वई नव्हती. एका बाजूला बोरीचे चार फास, दुसऱ्या बाजूला मोडलेलं फाटक. कुंपण न घालताच गरज सिद्ध झाली, असं कसं म्हणता येईल?

आता त्या तारेबद्दल स्पष्टच बोलू. घरच्या किंवा खांबावरच्या लाइनीचा प्रवाह कुंपणात सोडणं हा गुन्हा आहे. चितळ काय, रोही काय, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. १९७६ च्या घटनादुरुस्तीने संविधानात जी मूलभूत कर्तव्ये आली, त्यांत वन्यजीवांचं रक्षण आणि प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी हे एक कर्तव्य आहे. पण कायदा क्षणभर बाजूला ठेवा. वाडीमागच्या पायवाटेने उन्हाळ्यात पहाटेच्या अंधारात बाया मोहफुलं वेचायला जातात. पोरं चेंडू आणायला कुंपणात हात घालतात. तारेला चितळाचा पाय आणि आपल्या लेकराचा हात यांतला फरक कळत नाही. अशा तारांना चिकटून आपल्या विदर्भात वाघ मेले आहेत, गुरं मेली आहेत आणि ज्यांनी तार लावला ते शेतकरी स्वतःही मेले आहेत. विष घालण्याची कुजबुजही झाली होती. विषाचंही तेच. ते कुत्रं खातं, गाय खाते, मेलेल्यावर गिधाड बसतं. ज्या उपायाने कोण मरणार हे आपल्या हातात राहत नाही, त्याला संरक्षण म्हणता येणार नाही.

सौर कुंपणाची गोष्ट वेगळी आहे, तिची गल्लत करू नये. त्यात यंत्रातून साधारण सेकंदाला एक झटका येतो, तोही क्षणाच्या लहानशा भागापुरता. जनावर दचकतं, मागे हटतं, मरत नाही. वनखात्यामार्फत त्यासाठी अनुदान मिळत आलेलं आहे आणि आपली समिती त्याची चौकशी करते आहे. पण तयार यंत्रच घ्यायचं. घरी जोडलेला जुगाड चालणार नाही.

दुसऱ्या बैठकीत पूज्य भन्तेंनी निग्रोधमृग जातक सांगितलं. आपल्यापैकी बहुतेकांना ते अर्धंच ठाऊक असतं. वाराणसीचा राजा रोज एक हरीण मारतो. गाभण हरिणीची पाळी येते, तेव्हा तिच्या जागी बोधिसत्त्व असलेला निग्रोध मृगराज स्वतःची मान ठोकळ्यावर ठेवतो. राजाचं हृदय पालटतं. तो त्याला, मग सगळ्या हरणांना, मग पशुपक्ष्यांना आणि माशांनाही अभय देतो. आपण गोष्ट इथे संपवतो. पण जातकातली गोष्ट पुढे जाते. अभय मिळालेली हरणं लोकांच्या शेतात शिरून पिकं खाऊ लागली! राजाज्ञेमुळे लोकांना हात उगारता येईना. लोक राजवाड्यावर गाऱ्हाणं घेऊन गेले. राजा म्हणाला, राज्य गेलं तरी चालेल, दिलेला शब्द मी मोडणार नाही. हे निग्रोध मृगराजाच्या कानावर गेलं. त्याने कळप गोळा करून बजावलं, की यापुढे परक्याचं पीक खायचं नाही. आणि माणसांना निरोप धाडला, की कुंपण घालू नका, फक्त शेताच्या कडेने पानं बांधून खूण करा. तेव्हापासून पानं बांधून शेताची हद्द दाखवण्याची रीत पडली, असं जातक सांगतं.

किती शहाणी गोष्ट आहे बघा. हजारो वर्षांपूर्वी ज्यांनी ही गोष्ट रचली, त्यांना शेतकऱ्याचं दुःख माहीत होतं. अभय दिल्याने प्रश्न संपत नाही, तिथून पुढचा प्रश्न सुरू होतो, हे त्यांना कळत होतं. हरणाचा जीव आणि माणसाचं पीक या दोहोंना जागा हवी असेल तर मध्ये एक हद्द लागते, आणि ती हद्द दिसली पाहिजे. आज चितळांना समजावणारा मृगराज नाही. त्यामुळे त्याच्या वाट्याचं कामही आपल्याच अंगावर आलं आहे.

तेव्हा आम्ही हद्द बांधायला घेतली. केलं काय आणि शिकलो काय, ते आता थोडक्यात सांगतो. कोणाला आपल्या शेतात उपयोगी पडलं तर चांगलंच.

वाडी शंभर फूट बाय एकशे तीस फूट. चारी बाजू मिळून चारशे साठ फूट. चितळाला पाच-सहा फुटांची उडी जड नाही. परंतु पलीकडे काय आहे हे दिसत नसेल, पाय कुठे पडणार याचा अंदाज येत नसेल, तर ते सहसा उडी घेत नाही. म्हणूनच आपल्याकडे शेतकरी बांधाने जुन्या साड्या बांधतात. सहावारी साडी सुमारे अठरा फूट लांब असते. फाटक सोडून एका रांगेला सव्वीस-सत्तावीस साड्या लागल्या आणि एकावर एक दोन रांगांना चोपन्न. दोन रांगांची उंची सात फुटांच्या आसपास भरते. महिला मंडळाने दोन दिवसांत साड्या जमवल्या.

उपोसथाच्या जुन्या पांढऱ्या साड्या कुंपणाला लावाव्यात की नाही, यावर मात्र अर्धा तास वाद झाला. तेव्हा भन्तेंनी विनयपिटकातली आठवण सांगितली. इतक्या चीवरांचं तुम्ही करता काय, असं उदेन राजाने आनंद स्थविरांना विचारलं होतं. आनंदांनी सांगितलं, की जुन्या चीवरांच्या चादरी होतात, चादरी जुन्या झाल्या की गाद्यांचे अभ्रे, मग जमिनीवरची अंथरणं, मग पायपुसणी, मग फडकी, आणि शेवटी चिंध्या कुटून मातीत कालवून गिलावा. हे ऐकल्यावर पांढऱ्या साड्याही आल्या.

साडीचं कुंपण कायमचं नाही. जनावराला सवय होते आणि त्याची भीती मोडते. म्हणून दर पंधरा दिवसांनी साड्यांच्या जागा बदलतो. उन्हाने कापड एका हंगामात विरतं. आणखी एक गोष्ट, खालची फट फार महत्त्वाची. चितळ वरून उडी मारण्याआधी खालून वाकून जायला पाहतं, आणि रानडुक्कर तर खालूनच येतं. म्हणून बुडाशी बोरी-बाभळीचे काटे दाबून वई केली. जुन्या नायलॉनच्या जाळ्या फुकट मिळत होत्या, त्या घेतल्या नाहीत. त्यांत नराची शिंगं अडकतात आणि ते तडफडून मरतं, सापही गुंततात. कुजलेल्या अंड्यांच्या पाण्याचा फवारा कुंपणावर मारला तर वासाने जनावर टळतं. पण वाऱ्याची दिशा विहाराकडे होती, तेव्हा तो प्रयोग एकाच दिवसात आटोपला, हे उपस्थितांना आठवत असेलच!

पिकांची मांडणीही बदलली. हळद, आलं, लसूण, मिरची आणि गवती चहा यांच्या ओळी कडेला नेल्या, कारण उग्र वासाच्या पानांना चितळ सहसा उशिरा तोंड लावतं. पालक, मेथी, बरबटी मधोमध, विहिरीकडच्या बाजूला घेतली. भुकेलं जनावर काहीही खातं, तेव्हा हा उपाय एकट्याने पुरत नाही. कुंपणाच्या जोडीला चालतो.

उरली जागल. दर रात्री दोन घरांची पाळी. सोबत बॅटरी आणि रिकामा डबा. मात्र एक नियम कडक ठेवला. जागल विहाराच्या ओट्यावरूनच करायची, अंधारात वईबाहेर पाऊल टाकायचं नाही. कारण आपल्या भागात चितळ जिथे येतं, तिथे त्याच्या मागावर बिबट येतो, कधी वाघही येतो. वस्तीला लागून चितळांचा चारा पिकवून ठेवणं म्हणजे त्या पाहुण्यालाही बोलावणं. "खातील तर खाऊ द्या" म्हणणाऱ्या आमच्या काकांना हा मुद्दा पटला आणि विहारामागची झुडपं तोडायला ते स्वतः कोयता घेऊन आले. पाळ्या लावताना समितीने बोलणं बंद झालेली ती दोन घरं मुद्दाम एकाच रात्री ठेवली. पहिल्या रात्री कोणी काही बोललं नाही, असं कळतं. दुसऱ्या पाळीला चहा एकाच घरून आला.

याचा परिणाम काय? वाढवून सांगणार नाही. कुंपणानंतरही चितळं दोनदा शिरली. एकदा वाऱ्याने साडी सुटली होती, एकदा फाटक उघडं राहिलं होतं. दोन्ही वेळा कडेच्या ओळी गेल्या, मधली भाजी राहिली. पहिल्या वाट्याच्या घरांना त्यानंतर एकही आठवडा रिकामं जावं लागलं नाही. आणि वाडीत एकही जीव मेला नाही, चितळाचा नाही आणि माणसाचाही नाही.

बंधू-भगिनींनो, दर पौर्णिमेला आपण पंचशील घेतो. पहिलं शील म्हणायला काही क्षण लागतात. ते पाळायला आपल्या वस्तीला चोपन्न साड्या, बैलगाडीभर काटे आणि हिवाळ्याच्या सगळ्या रात्री लागल्या. प्राणिहिंसेपासून दूर राहतो असं म्हणून हात बांधून बसलो असतो, तर शेजारणीचं ताट रिकामं राहिलं असतं, आणि आज ना उद्या कोणीतरी गुपचूप तार सोडलाच असता. शील टिकायचं असेल तर त्याच्यामागे कोणीतरी राबावं लागतं. तो भार एकट्या-दुकट्यावर टाकू नये, सगळ्यांनी उचलावा, यासाठीच तर संघ आहे आणि विहार आहे.

काम अजून संपलेलं नाही. साड्यांवर आपल्याला किती वर्षं काढता येतील? येत्या मृगाच्या पावसात वईच्या बाहेरून करवंद आणि सागरगोट्याची जिवंत वई लावायची आहे. ती दाट व्हायला दोन-तीन वर्षं जातील, आणि तोवर कोवळी रोपं चितळांपासूनच जपावी लागतील. एकदा वाढली की ती वई ना विरणार, ना कोणाला मारणार, शिवाय मुलांना करवंदं मिळतील. समितीची विनंती एवढीच, की प्रत्येक घराने बारा फूट वई आपली मानावी. अडतीस घरांचे प्रत्येकी बारा फूट म्हणजे चारशे छप्पन्न. उरलेले चार फूट फाटकाचे, ते विहार समितीकडे! कोणाचे बारा फूट कुठे, याची चिठ्ठी आज भोजनानंतर ओट्यावर काढली जाईल. ज्यांच्याकडे जुन्या साड्या असतील त्यांनी त्या महिला मंडळाकडे द्याव्यात, आणि वर्षावासातल्या रात्रींच्या जागलीसाठी तरुणांनी आपली नावं नोंदवावीत. तारेची सूचना ज्यांनी केली होती, त्यांचीच नावं यादीत सर्वात वर आहेत, हे आम्हाला अभिमानाने सांगावंसं वाटतं.



नमो बुद्धाय! जयभीम!